पाचवं नाव टाकलं की

(केडगाव. हेलन बाईंचं घर. बाईंचा मुलगा नोहा आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी आरती लॅपटॉपपुढे बसले आहेत. बाई शेजारीच आहेत.)

आरती : चार नावं टाकस्तोवर माझा प्रोग्राम शहाण्यावानी चालतोय, दादा. पाचवं टाकलं की पहिल्याच्या जागी निस्ता कचरा. उद्या पुण्यात मुलाखतीत असंच झालं म्हंजे?

नोहा : रडू नकोस. यादी कशात ठेवलीस?

आरती : व्हेक्टरमधी. लागंल तशी वाढती म्हनून.

नोहा : वाढते, पण जागेवर वाढेलच असं नाही. चौघांची जागा भरली की ती मोठी जागा बघते, सगळ्यांना तिकडं हलवते आणि जुनी सोडून देते. तू पहिल्या नावाचा पत्ता आधीच धरून ठेवलास, ही बघ ओळ. नाव गेलं पुढं, तू बसलीस जुन्याच दारात.

आरती : अगं बया! आमच्या कोप्यांवानीच की.

नोहा : कोप्या?

आरती : ऊसतोडीला गेल्यावर पाचटाच्या झोपड्या बांधायचो, त्या. फड सपला की तळ हालला. बाई, तरी तुमी दर रविवारी पुस्तकं घिऊन बरोबर यायच्या. कशा काय हुडकायच्या आमाला?

हेलन : पहिल्या खेपेला कुठं सापडलात? विहिरीच्या खुणेसकट पत्ता लिहून घेतला होता मी. जाऊन बघते तर नुसत्या चुली आणि राख.

नोहा : आणि आम्ही इकडं जेवायला खोळंबलेलो! मम्मी, एका शब्दानं बोलली नाहीस कधी.

हेलन : बोलले असते तर तुझ्या पप्पांनी एसटीत बसू दिलं असतं? त्या दिवशी पत्ता खोडून टाकला. मग दरवेळी कारखान्याच्या गेटवर जायचं आणि गाडीवाल्यांना विचारायचं, रामहरी-चांगुणाची आरती आज कुठं आहे?

आरती : दरवेळी नव्यानं... थांबा. दादा, पत्ता धरायचाच न्हाई. नंबर धरायचा, आन् दर टायमाला यादीलाच इचारायचं, पहिला कोन. मग ती कुठं का हालंना!

नोहा : चालव बरं.

आरती : पाच... सहा... धा. आलं! पहिलं नाव जसंच्या तसं आलं!

नोहा : बघ, कसं शिकवलं!

हेलन : आयत्या बिळावर नागोबा! तिचं तिनं शोधलंय.

आरती : बाई, ही नोकरी लागली तर दिवाळीनंतर आई-बापूंना फडात जावं लागनार न्हाई. तुमी आल्या नसत्या तर माझ्या हातात बी कोयताच असता. लई उपकार हायेत तुमचे.

हेलन : डोळे पूस. पहाटेची गाडी चुकवू नकोस.

आरती : पुन्यात खोली घेतली की पत्ता धाडते. वहीत लिहून ठेवा.

हेलन : पत्ता नको गं. नाव आहे माझ्याकडं.