फौजदारांनी वाचलेली प्रेमकथा

मंडळी, आज अभंग मागाहून. आधी एक प्रश्न. आपल्या माणसाला ज्याची गोडी आहे, त्याची आपल्याला अजिबात नसेल, तर काय करावं? सोसावं? चेष्टा करावी? की उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसावं?

मागून कोण म्हणालं, दुसरी खोली? खरं बोललात, बुवा! वाजवा टाळ त्यांच्यासाठी.

थांबा, थांबा. आता ऐका.

गोष्ट मोतीबिंदूची आहे. आत्ताच्या नव्हे हां! आत्ता काय, सकाळी जायचं, दुपारी काळा चष्मा लावून घरी यायचं आणि भजी मागायची. त्या काळी मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. उताणं पडायचं. मान वळवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. टाका सुटला — की डोळा गेला!

फलटणच्या सगुणाबाई सपकाळ अशा पडून होत्या. एक डोळा काचबिंदूनं आधीच नेलेला. उरलेल्यावर हे ऑपरेशन. म्हणजे सगळा उजेड त्या एका टाक्यावर टांगलेला.

उशाशी बसलेले त्यांचे यजमान, खंडेराव. निवृत्त फौजदार. मिशी अशी, की चोर आधी मिशीला नमस्कार करायचे, मग साहेबांना. वाचनाचा नाद दांडगा, पण वाचायच्या त्या फक्त रहस्यकथा. बरं, नुसतं वाचून भागायचं नाही. पहिला खून झाला रे झाला, की खुनी कोण ते समासात लिहून मोकळे! पुढच्या वाचकाचं वाटोळं. लायब्ररीवाला हात जोडायचा.

आणि सगुणाबाईंची आवड? डॉक्टर आणि नर्स यांची प्रेमकथा. दुसरी कुठलीही प्रेमकथा नको, दवाखान्यातलीच हवी.

आठवते का हो लायब्ररीतली ती फळी? इथं बसलेल्या काकूंना आठवते, मला दिसतंय. गुळगुळीत कव्हर. पुढं पांढऱ्या टोपीतली मुलगी, मागं धूसर डॉक्टर, कपाळावर बट. बांधणीला खळीचा वास. दुपारची झाकपाक झाली की बायका निघायच्या, पदराखाली पुस्तक घेऊन. आणि लायब्ररीच्या पायरीवर उभ्या उभ्या एकमेकींना सांगायच्या, ‘हे ने गं, ह्यातला डॉक्टर बरा आहे.’ जसं काही स्थळच सांगताहेत! आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. मी परवा गेलो होतो. पायरी तेवढी तीच आहे.

असो. कुठं होतो आपण?

उशाशी. सगुणाबाई म्हणाल्या, दिवस सरत नाही, काहीतरी वाचून दाखवा. खंडेरावांनी लगेच रहस्यकथा काढली. बाई म्हणाल्या, खून ऐकून दचकले तर? नर्सचं आणा. आणि पुस्तकाचं नावही सांगितलं.

गेले बिचारे. लायब्ररीवाला म्हणाला, साहेब, ही फळी तुमची नव्हे. खंडेराव म्हणाले, तपासासाठी हवंय. आणि पुस्तक कोटाच्या आत घालून, भिंतीकडेनं, दवाखान्यात!

आता वाचायचं कसं? जन्मभर पंचनामे वाचलेला माणूस. त्याच सुरात सुरू झाले. ‘सदर डॉक्टर निरंजन यांनी परिचारिका मृणाल हिचेकडे रोखून पाहिले.’ वर स्वतःचा शेरा, की या डॉक्टरवर आपला पहिल्यापासून संशय आहे, रात्रपाळीच्या नर्सची चौकशी करायचं ह्याला कारण काय? शेजारच्या खाटा खुसखुसू लागल्या. वॉर्डातल्या सिस्टर सुवार्ता इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, “असला डॉक्टर आमच्याकडं अजून तरी बदलून आला नाही, बाबा.”

आणि सगुणाबाईंचे ओठ थरथरायला लागले. पोट हलायला लागलं. हसू! डोक्याजवळची वाळूची पिशवी सरकली. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले. टाका तपासला. वाचला थोडक्यात. पण फौजदारसाहेबांना जे खडसावलं! वाचायचं तर सरळ वाचा, नाहीतर पुस्तक बंद. बाईंना हसवाल, तर डोळा तुमच्या हातानं जाईल.

खंडेरावांनी पुस्तक मिटलं. बसले.

पट्टीखालचा अंधार, वर पंख्याची घरघर. चादरीवर बाईंचं बोट तेवढं हलत होतं, उजवीकडून डावीकडं, पुन्हा उजवीकडून डावीकडं. खंडेराव बघत राहिले. मग कळलं. पान उलटत होत्या.

मंडळी, पोलिसात सगळे आवाज शिकवतात. दरडावायचा, साहेबासमोर नमायचा, कोर्टात शपथेवर बोलायचा. हा एक आवाज शिकवत नाहीत. खंडेरावांनी घसा खाकरला आणि खालच्या पट्टीत, चाचपडत, सुरुवात केली. आधी जमेना. मग थोडं जमलं. वॉर्डही गप्प झाला. पलीकडचे गुऱ्हाळवाले आजोबा तर कानामागं हात धरून ऐकायला लागले.

आणि आलं ते पान! डॉक्टर निरंजन जिन्यावर मृणालला अडवतो. खंडेरावांनी डोळ्यांनी वाचलं. वॉर्डभर नजर फिरवली. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, पण कान उघडे! त्यांनी हळूच दोन पानं एकदम उलटली.

“अहो,” सगुणाबाई म्हणाल्या, “जिना राहिला.”

“कसला जिना?”

“तो तिला जिन्यावर थांबवतो. तुम्ही गाळलंत.”

“तुला काय ठाऊक?”

“कितीदा वाचलंय मी हे.”

“अगं मग सांगायचं नाहीस? नवं आणलं असतं.”

त्यावर बाई अगदी हळू म्हणाल्या, “वाचलंय हो. पण ते मला कुणी म्हटलं नव्हतं कधी.”

मृदंग नको. थोडं तसंच राहू दे.

खंडेरावांनी पानं मागं उलटली. जिना सापडला. तिथं लिहिलं होतं, ‘मृणाल, तू वॉर्डात नसलीस की मला या इमारतीतली वाट सापडत नाही.’ खंडेरावांनी वाचलं. मृणाल, वॉर्ड आणि इमारत तेवढी गाळली. बाकी सगळं म्हणाले.

“तू नसलीस की… मला वाट सापडत नाही.”

आणि पुढचं वाक्य येईना.

“रडताय?” बाईंनी विचारलं.

“छे. चष्म्याला घाम आलाय.”

“रडा हो. मला मनाई आहे. माझ्या वाटचंही तुम्हीच रडून घ्या.”

पुढं पट्टी सुटली, डोळा वाचला. ती कीर्ती डॉक्टरांची. खंडेरावांना त्या पुस्तकांची गोडी लागली का? नाही! शेवटपर्यंत त्या डॉक्टरवर त्यांचा संशयच. पण दर दुपारी वाचून दाखवायचे. जिन्यासकट.

आता तुमच्याकडं येतो. तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी आवडीनं वाचतं, ऐकतं, बघतं आणि तुम्ही येताय म्हटल्यावर ते बाजूला ठेवतं. कोण, ते तुम्हाला माहीत आहे. काय, ते माहीत आहे का?

नाही ना? मग आरती जरा उशिरा करू. देव कुठं जात नाही. शेजारी बसलेल्याला आधी विचारून घ्या.