गीताबाईचं पॅकिंग

...आणि म्हणते काय, तर सिहोऱ्याला एकट्या जाऊ नका! सिहोऱ्याला! अहो, भाचीकडे घरभरणी आहे, बस धरली, शेजारणीशी चार गोष्टी झाल्या की आलं सिहोरा! आणि हे कोण सांगून राहिलं? माझी सून ममता. कोणाला? मला! दसऱ्याच्या आधी पाठीवर बोजा घेऊन, बसा बदलत बदलत, पेरूतून बोलिव्हियात अँडीज पहाड ओलांडून आली त्या गीताबाईला! काहून नको जाऊ, तर वय झालं म्हणे!

तुम्ही मला इथं जबलपूरच्या गढ्यात, बुद्धविहारात बोलावलं, माइक दिला, 'ताई, प्रवासाचं सांगा' म्हटलं, म्हणून सांगते बायांनो. उभा जन्म फॅक्टरीच्या गेटातून आत गेली आणि गेटातून बाहेर आली. पहाड पाहिला तो आपल्या मदन महलचा, टेकडीएवढा. रिटायर झाल्यावर म्हटलं, आता मोठा पाहीन. तर माझा पोरगा अंकुर काय म्हणतो? "आई, पहाडच पाहायचा तर टीव्हीवर पाह्य ना, चाय पीत पीत!" बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात बॅग घ्यायला गेली, तर दुकानदार विचारून राहिला, "अम्माजी, पोते के लिए चाहिए?" मी म्हटलं, "नहीं भैया, अम्माजी के लिए!" तो एकदा बॅगकडे पाहे, एकदा माझ्याकडे... तोंडावर दिसतच होतं, वय झालं!

आता फॅक्टरीत माझा सेक्शन कोणता? पॅकिंग! माझ्या हातची पेटी कधी परत आली नाही. आतली हवा बाहेर नाही, बाहेरची आत नाही, असं आपलं काम. परदेशात खायचं काय, म्हणून भिवापुरी मिरचीचं तिखट घेतलं, जवसाची चटणी घेतली, जाड पिशव्यांत भरली, मशीननं दोनदा सील मारलं, वरून टेप. अंकुर म्हणे, "आई, एवढं काहून?" म्हटलं, "गीताबाईचं पॅकिंग आहे बाबू, जगात कुठं फुटणार नाही!"

आणि मग ती बस चढू लागली बायांनो... वळण, अजून वळण, वर, अजून वर, खाली पाहावं तर ढग! मी खुश. पण वर फळीवरची माझी बॅग हळूहळू फुगून राहिली. मला वाटलं, माझेच डोळे फिरले. अहो, वर हवा पातळ होते, मग बंद पिशवीतली हवा फुगते, हे मला कोण सांगणार? जबलपुरात कधी कोणाची चटणी फुगली का? ऐन घाटमाथ्यावर... फाट्ट! फाट्ट! माझं पॅकिंग! अख्ख्या बसमध्ये तिखट! ड्रायव्हर शिंकून राहिला, मागचा गोरा पोरगा शिंकून राहिला, कोंबडी घेऊन बसलेला म्हातारा शिंकून राहिला, कोंबडी पण शिंकली!

ड्रायव्हरनं बस थांबवली आणि मला हातानं दाखवलं, उतर! बाहेर काय? बर्फ, दगड आणि वारा! आणि नको तिथं नेटवर्क बरोबर येते... अंकुरचा फोन! "आई, कोण शिंकून राहिलं? काय केलं तू? बस झालं आता, परत ये, वय झालं तुझं!"

खोटं काहून सांगू, भ्याली मी. एक मन म्हणे, गीते, चल परत. पण मग असा राग आला! इतक्या दूर येऊन मी स्वतःच्याच तिखटाला हारू? फोन बंद केला, सीटचा दांडा धरला आणि खणखणीत हिंदीत सांगितलं, "भैया, टिकट पूरा है, तो मैं भी पूरा जाऊँगी!"

त्याला काय समजलं कोणास ठाऊक! पण माझ्या शेजारी एक बाई होती, माझ्याच वयाची, दोन वेण्या, डोक्यावर गोल टोपी. तिनं गाठोडं सोडलं, उकडलेला बटाटा काढला, फुटक्या पिशवीत उरलेल्या तिखटात घोळवला आणि खाल्ला. नाक पुसलं. परत घोळवला! मग मागची उठली, कोंबडीवाला उठला, जो तो बटाटा घेऊन माझ्याकडे! टोपीवालीनं एक ड्रायव्हरच्या तोंडातच कोंबला. तो रडला, हसला, आणि गाडी चालू केली. तिनं माझा गाल ओढला हो, बहिणीसारखा. मला रडूच आलं, आणि ते तिखटानं नव्हतं.

अशी मी पूर्ण पहाड ओलांडून घरी आली. तर घरी काय, हुकूम! अंकुर म्हणे, "आता तू एकटी कुठंच नाही. सिहोऱ्याला मी येतो, आणि पुढच्या पहाडावर पण मीच येतो सोबतीला." अच्छा? चलो! परवा तीच बॅग त्याच्या पाठीवर दिली आणि मदन महलच्या पायऱ्या चढवल्या. अर्ध्यातच बसला! "आई... थांब ना थोडी... पाणी दे..." पाणी दिलं, बॅग माझ्या पाठीवर घेतली, हात धरून खाली आणला.

आता काय करता? नेते त्याला सिहोऱ्याला. घरी एकटा कसा सोडू बिचाऱ्याला... वय झालं ना त्याचं!