कापलेल्या नऊ ओळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय संपादकसाहेब. व्यासपीठावरचे व्यवस्थापकसाहेब आणि ज्यांच्या शिव्या खाऊन मी हे काम शिकलो ते निवृत्त वृत्तसंपादक. जाहिरात, वितरण आणि छपाई या खात्यांतले माझे सोबती. माझ्या टेबलाभोवतीची उपसंपादक मंडळी. आपापल्या घरून आलेली पाहुणे मंडळी. आणि मी लांबण लावली तर पटकन निघता यावं म्हणून दाराजवळची खुर्ची धरून बसलेली आमची ही,

सगळ्यांना नमस्कार. भाषण करायची मला सवय नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं कापण्यात गेली. मोठमोठ्यांचं पाऊण पाऊण तासाचं बोलणं मी बारा ओळींत बसवलं आहे. त्यामुळे आत्ता स्वतःचा आवाज ऐकतानासुद्धा यातलं काय काढता येईल, हाच विचार डोक्यात चालू आहे.

माझ्याबद्दल इथे बरंच चांगलं बोललं गेलं. ते ऐकून आमच्या हिने दोनदा मागे वळून पाहिलं, की दुसऱ्याच कोणाचा सत्कार आहे की काय! संपादकसाहेब म्हणाले, कात्रीकाकांच्या हातून पान छपाईला कधी उशिरा सुटलं नाही. खरं आहे. पण एक पान उशिरा सुटलं असतं तर फार बरं झालं असतं, आणि नेमकं तेच तुम्ही मला फ्रेम करून दिलं आहे.

राग मानू नका. सत्कार समितीने ते प्रेमाने निवडलं, हे मला ठाऊक आहे. सोनेरी कडा, जाड काच, सहा वर्षांपूर्वीचं पहिलं पान. त्या दिवशीचे सगळे अंक दुपारपर्यंत संपले होते. त्या मथळ्याला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. मागच्या रांगेत दिसत नसेल, म्हणून वाचून दाखवतो. ‘शहरात १९३ मुलांवर लिंगबदलाचे उपचार’. हा मथळा माझा आहे.

ही बातमी कशी झाली, ते आज सांगतो. सगळं ठरवून आलेलो नाही, पण ही फ्रेम हातात आल्यावर दुसरं काही बोलता येणार नाही.

आपल्या मोठ्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर तेव्हा एक छोटा विभाग होता. ट्रान्सजेंडर मुलांसाठी. ज्या मुलांना आपलं शरीर आपलं वाटत नाही, ती तिथे आईबापांबरोबर यायची. आमचा वार्ताहर तिथे जाऊन आला, डॉक्टरबाईंना भेटला, आणि त्याने बातमी लिहिली. त्याने काही वाईट लिहिलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. वर्षात १९३ जणांची नोंद झाली, हे त्याने वर लिहिलं. त्याच्या खाली एका पुढाऱ्याचा आरडाओरडा, की कोवळ्या मुलांवर सुऱ्या चालवतात. आणि तळाला डॉक्टरबाईंचा खुलासा, नऊ ओळी.

घरच्या मंडळींसाठी आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. बातमीत जे जोरात असतं ते वर जातं. समजावून सांगणारं खाली जातं. आणि जागा कमी पडली की आम्ही खालून कापतो. वाचत बसायचं नाही, तळापासून मोजायचं आणि उडवायचं. हे मला माझ्या गुरूंनी शिकवलं, मी पुढच्या तीन पिढ्यांना शिकवलं. म्हणजे कोण ओरडतं ते दरवेळी छापायचं आणि खरं काय आहे ते दरवेळी कापायचं, अशी सोय आम्ही करून ठेवली आहे. यात कोणाचा कट नाही हो. कट असता तर उघडकीला तरी आला असता.

संध्याकाळी पावणेसहा वाजता जाहिरात आली. फरशांच्या दुकानाची, दोन कॉलम. पान सहाला सोडायचं होतं. मी तळाच्या नऊ ओळी उडवल्या. आणि मग, हे नीट ऐका, मग मथळा दिला. आधी कापलं आणि उरलेल्या बातमीवरून मथळा दिला. उरलेल्या बातमीत दवाखाना होता, १९३ मुलं होती आणि सुऱ्या होत्या. दुसरा कुठला मथळा येणार होता?

आमच्याकडे तेव्हा एक मुद्रितशोधक होत्या. बऱ्याच जणांना आठवत असतील. आम्ही त्यांना वेलांटीबाई म्हणायचो, कारण ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. त्या प्रूफ घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. लाकडी पट्टी तशीच ओळीखाली धरलेली.

“काका, शेवटचा परिच्छेद गेलाय.”

“जाहिरात आली ना, बाई.”

“मग मधलं कापा. ते ओरडणं कापा की.”

“मधलं कापायचं तर बातमी परत वाचावी लागते. वेळ आहे का आता?”

त्या जाईनात. म्हणाल्या, “तेवढा राहू द्या. माझ्यासाठी समजा.”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “बाई, तुम्ही वेलांट्या बघा.” आजूबाजूची चार माणसं हसली. त्यांतली दोन आज इथे बसली आहेत. त्यांचा काही दोष नाही, मी हसवायलाच बोललो होतो. बाईंनी मथळ्यातली एक दीर्घ पडलेली वेलांटी ऱ्हस्व केली, प्रूफवर सही केली आणि जागेवर जाऊन बसल्या. पान वेळेवर सुटलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी गर्दी जमली. प्रत्येकाच्या हातात या पानाची झेरॉक्स. आठवड्यात चौकशी समिती आली, महिन्याभरात विभागाला ‘तात्पुरतं’ कुलूप लागलं. समितीने पुढे लिहून दिलं, की तिथे काहीही गैर चाललं नव्हतं. ते आपण छापलं, नवव्या पानावर. तेही खालून कापून. कुलूप अजून आहे. डॉक्टरबाई गाव सोडून गेल्या.

सात महिन्यांनी वेलांटीबाईंनी राजीनामा दिला. कारण काही सांगितलं नाही. त्यांचा जादाचा चष्मा खणात राहिला होता, तो द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दार एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने उघडलं. बाईंना एक मुलगा आहे एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत. मी आपला विचारतो, “तू कोण गं? भाची का?”

ती म्हणाली, “नाही काका. मी त्यांची मुलगीच आहे.”

मग मला कळलं. चष्मा बाईंच्या हातात देऊन मी बसलो. बाईंनी चहा केला. एक शब्द दुखवून बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला घरी जाऊन झोप तरी लागली असती. बोलली ती मुलगी. “मी त्या १९३मध्ये होते ना, काका. मी तिथे फक्त बोलायला जायचे. महिन्यातून एकदा, अर्धा तास. सहा वेळा गेले. फाटकाशी गर्दी जमली त्या मंगळवारी सातवी वेळ होती.”

शाळेत तिच्या बाकात कोणीतरी हे पान घडी घालून ठेवलं होतं. सुऱ्यांच्या ओळीखाली रेघ मारून. दुसऱ्या दिवशीपासून ती शाळेत गेली नाही.

निघताना तिने मला एकच विचारलं. “तो कापलेला परिच्छेद छापाल का?” मी हो म्हणालो. तेव्हा तीस वर्षांची नोकरी झालेली, तेवढं वजन आपलं असेल असं मला वाटलं. मी तीनदा विचारलं, संपादकसाहेब. तुम्हाला आठवत असेल. पहिल्यांदा म्हणालात, शिळं झालं. दुसऱ्यांदा म्हणालात, कशाला राख उकरायची. तिसऱ्यांदा खुलासा छापलात, अकराव्या पानावर, दोन निविदांच्या मध्ये: ‘त्या बातमीतील १९३ हा आकडा नोंदणीचा आहे.’ बस. तो वाचून कोणाला काय कळणार? मलाही कळला नसता.

ती मुलगी आज एकवीस वर्षांची आहे. घरात बसून टायपिंगची कामं करते. तिची आई सांगते, जिन्यात पावलं वाजली की ती अजून आतल्या खोलीत जाते. मी दर दोन-तीन महिन्यांनी जातो. आता ती परिच्छेदाचं विचारत नाही. विचारायची तेव्हा बरं होतं.

मला निवृत्तीचं सुख वगैरे काही वाटत नाही, मंडळी. मला लाज वाटते. आणि त्याहून वाईट म्हणजे, माझ्या जागी बसणारी पोरं माझ्याहून हुशार आहेत आणि तीही खालूनच कापणार आहेत, हे मला दिसतंय. परवाच मी या विषयावरची नवी बातमी टेबलावर पाहिली. ओरडणं वर होतं.

तो परिच्छेद माझ्या पाकिटात असतो. वाचतो. दोन मिनिटं द्या.

‘विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी सांगितले, की नोंद झालेल्या १९३ जणांपैकी बहुतेक मुले पालकांसह केवळ बोलण्यासाठी येतात. औषधे अकरा जणांना सुरू आहेत. तीही वर्षाहून अधिक काळ तपासण्या व समुपदेशन झाल्यावर, पालकांच्या लेखी संमतीने. अठरा वर्षांखालील कोणावरही येथे शस्त्रक्रिया झालेली नाही. काही जण थोड्या भेटींनंतर येणे थांबवतात. त्यांना कोणी अडवत नाही. “ही मुले येतात तेव्हा कित्येक दिवस कोणाशी नीट बोललेली नसतात. आम्ही आधी त्यांचे ऐकतो,” असे त्या म्हणाल्या.’

झालं. एवढंच होतं.

या समारंभाची बातमी उद्या चौथ्या पानावर येईल. दहा ओळी असतील, जाहिरात आली तर सहा. आणि बघा, इतकं सगळं भोगून मीही हा परिच्छेद शेवटीच ठेवला. पहिल्या वाक्यात वाचायला हवा होता. हात त्याच वळणाचे झाले आहेत.

आपण वेळ काढून आलात, गोड बोललात, फुलं दिलीत, याबद्दल मनापासून आभारी आहे. फ्रेम मी नेणार नाही, तो आपला अपमान समजू नये. बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. त्या एका घरी मात्र माफी मागून झाली आहे. मिळालेली नाही, आणि त्यांनी ती देऊ नये असंच मला वाटतं.

नमस्कार.