खोक्यावर लिहिलं होतं, जुने कपडे

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, कुरियर कंपनीचे विभागीय व्यवस्थापक, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे परदेशातून येणाऱ्या पार्सलांच्या या कार्यालयात बत्तीस वर्षं ज्यांच्या नजरेतून एक टाचणीसुद्धा सुटली नाही ते आपले तपासणी अधिकारी साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, कार्यालयातील सर्व कर्मचारी वर्ग, आणि माझ्यासारखेच कधी ना कधी त्या तीन नंबरच्या खिडकीसमोर उभे राहिलेले बंधू आणि भगिनींनो.

शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मला एकदा दुसरं बक्षीस मिळालं होतं. तेव्हा सुरुवात मला जमते. पुढचं सांभाळून घ्या.

मी कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मी काही मोठी बाई नाही. शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मी मशीनवर बसते. मग मला इथं बोलायचा मान कसा मिळाला? तर या कार्यालयाची एक जुनी पद्धत आहे म्हणे. इथल्या कुणाचाही निरोप समारंभ असला की ग्राहकांतर्फे एकजण बोलतो, आणि तो कोण हे दारावरचे मामा ठरवतात. त्यांच्या नोंदवहीत मागच्या महिन्याभरात ज्याच्या सह्या सगळ्यात जास्त, त्याला बोलवायचं. यंदा तो मान मला मिळाला. बावीस सह्या! दुसऱ्या नंबरवरचे गृहस्थ नऊवर आहेत, ते बघा, तिथं मागं बसलेत. काका, मन लहान करू नका.

आज साहेबांबद्दल सगळे चांगलं बोलले. मीही चांगलंच बोलणार आहे, आणि खरं बोलणार आहे. इतका सचोटीचा माणूस मी पाहिला नाही. माझ्या देखत एका मोठ्या व्यापाऱ्यानं काउंटरवर मिठाईचा डबा ठेवला, तर साहेबांनी त्याला तो डबा उचलायला लावला आणि वर त्याची जागा फडक्यानं पुसून घेतली. इथं साहेबांना सगळे मागून 'कागदसाहेब' म्हणतात. वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं का हे? हसताय म्हणजे ठाऊक आहे. 'कागद आणा.' एवढंच बोलतात. मी स्वप्नातसुद्धा ऐकते हल्ली.

त्या व्यासपीठावरच्या भेटवस्तूच्या खोक्यावर आत काय आहे ते लिहिलंय ना हो? नाहीतर साहेब घरी नेणार नाहीत.

असो. बावीस वेळा मी कशाला आले, ते सांगितल्याशिवाय साहेबांचा गौरव पुरा होणार नाही. अध्यक्षमहोदया, मला पाच मिनिटं दिली आहेत हे माझ्या लक्षात आहे. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झालीत, आणि इथं माझ्याइतकं त्या घड्याळाकडे कुणीच बघत नसेल.

ती तिसऱ्या रांगेत निळा फ्रॉक घालून बसली आहे ना, ती माझी मुलगी. सहा वर्षांची आहे. आम्ही तिला घरात टकळी म्हणतो, कारण एकदा सुरू झाली की थांबायची नाही. जन्मली तेव्हा तिला काहीच ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांची असताना मोठं ऑपरेशन झालं. डोक्याच्या आत एक यंत्र बसवलं आणि बाहेरून कानामागं दुसरं, दोन्ही मिळून तिला ऐकू यायला लागलं. मग जे बोलायला लागली! माझं शिवणयंत्र बंद पडलं तर म्हणायची, आई, मशीन झोपलं.

तीन महिन्यांपूर्वी ते कानामागचं यंत्र बंद पडलं. इथं दुरुस्त होईना. माझी ताई परदेशात असते. भावोजी सुट्टीला आले होते, जाताना ते यंत्र शर्टाच्या खिशात घालून घेऊन गेले. खिशात! कसली पावती, कसला कागद? घरातल्या माणसाच्या हाती वस्तू देताना आपण पावती करतो का? ताईनं तिकडं दुरुस्त करून घेतलं आणि पार्सलनं परत पाठवलं. आणि इथंच माशी शिंकली.

आमच्या घराण्यात एक चाल आहे. पार्सल कुठलंही असो, वर लिहायचं, 'जुने कपडे'. माझे वडील लोणच्याची बरणी पाठवायचे तरी जुने कपडेच लिहायचे. म्हणायचे, जुने कपडे कोण चोरतंय? ताईनं लहानपणापासून तेच पाहिलं. तिनं यंत्र टकळीच्याच तान्हेपणीच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं, खोकं कापडात शिवलं आणि वर सवयीनं लिहून मोकळी झाली. मी फोनवर कपाळाला हात लावला, तर मलाच म्हणते कशी, 'अगं, आत स्वेटर आहे की! अगदीच खोटं कुठं आहे?'

कंपनीचे व्यवस्थापक साहेब इथं बसले आहेत. त्यांचाही उल्लेख करायला हवा. साहेब, तुमच्या कंपनीच्या फोनवरचं ते संगीत माझं पाठ झालंय. मी शिवताना गुणगुणते, शेजारच्या बायका ओरडतात. तुमच्याकडच्या मुली फार गोड बोलतात. मला 'सर' म्हणतात, पण गोड म्हणतात. त्या सांगतात पार्सल सरकारकडे अडलंय, इथं सांगतात कंपनीला विचारा. मोबाइलवर महिनाभर एकच ओळ येते आहे, 'ग्राहकाकडून कागदपत्रांची प्रतीक्षा.' अहो, ग्राहक तुमच्या दारात उभी आहे! कुणाची प्रतीक्षा करताय?

मला एक चिठ्ठी आली आहे. 'कृपया सत्कारमूर्तींविषयी बोलावे.' बोलते. त्यांच्याविषयीच बोलते आहे.

पहिल्या दिवशी मी खिडकीशी गेले. साहेबांनी विचारलं, 'बाई, आत काय आहे?' त्यांच्या हातातली पार्सलाची चिठ्ठी मला उलटी दिसत होती. तरी मी वाचली. आणि मी म्हणाले, 'जुने कपडे.' त्यांनी फॉर्म पुढे सरकवला, मी त्यावर तसंच लिहून सही केली. बहिणीला सांभाळून घ्यायला गेले हो. वाटलं, तिनं एक लिहिलंय, मी दुसरं सांगितलं तर ती अडकेल. साहेबांनी तपासणी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. आत एक गोल चकती, त्यातून निघालेली वायर. ते म्हणाले, 'कपड्यांना वायरी कधीपासून लागल्या?'

मग मी खरं सांगितलं. पण खरं दुसऱ्यांदा आलं ना! त्याला काय किंमत राहणार? मी रडले, हात जोडले, टकळीला पुढे उभी केली. साहेब म्हणाले, 'प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी असतं बाई. त्यातलं निम्मं खरं असतं. मला कुठलं निम्मं ते कसं कळणार?' मला तेव्हा असा राग आला होता की काय सांगू. घरी जाऊन मी त्यांना नाही नाही ते बोलले. वहिनी, तुमच्या देखत सांगते, तुमच्या यजमानांच्या नावानं मी बोटं मोडली आहेत. पण आता मला कळतं. त्यांच्यापुढे पहिलं खोटं मीच ठेवलं होतं.

तरी त्यांनी वाट बंद केली नाही. म्हणाले, 'यंत्र तुमचंच आहे, इथूनच गेलं होतं, एवढं सिद्ध करा. कागद आणा.' भावोजींच्या खिशाचा कागद मी कुठून आणू? मग ठरलं की यंत्रावर नंबर असतो, तो ऑपरेशनच्या नोंदीशी जुळला तर चालेल. मी म्हटलं, मग उघडून बघा ना नंबर. तर म्हणाले, 'उघडायला आधी पुरावा लागतो.' पुरावा आत, आणि पुराव्याशिवाय उघडायचं नाही. मी त्या दिवशी जिन्यात बसून राहिले. दारावरच्या मामांनी पाणी दिलं. तेवढ्यात साहेब स्वतः बाहेर आले आणि टकळीला बसायला आपली खुर्ची आणून दिली. तिला म्हणाले, 'बाळ, नाव काय तुझं?' ती त्यांच्याकडे बघत राहिली. साहेबांना वाटलं, लाजते. तिला ऐकूच आलं नव्हतं साहेब.

त्या खुर्चीवरून गोदामाची जाळी दिसते. तिथून मला दुसऱ्या फळीवर आमचं खोकं दिसायचं. मी शिवणारी बाई आहे, शंभर खोक्यांत मी ताईची शिवण ओळखीन. आम्हा दोघींना आईनंच शिकवली, कोपऱ्यावर दुहेरी टाके. दहा हातांवर माझ्या मुलीचे कान ठेवलेले आणि मध्ये जाळी! रोज बघायचं आणि परत जायचं.

आता हसवण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं नाही, माफ करा. टकळी बोलायची थांबत चालली आहे. तिला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, ऐकणं थांबलं की बोलणं गळायला लागतं, आठवडे मोजा. मी मोजले. आधी मोठे शब्द गेले. मग 'पाणी' गेलं, आता नुसतं बोट दाखवते. मागच्या मंगळवारी तिनं मला 'आ' म्हणून हाक मारली. पुढचं 'ई' आलंच नाही. ज्या पोरीला मी 'गप बस की गं जरा' म्हणून दटावायची, ती आता सबंध दिवस गप्प असते, आणि मला ते घर सहन होत नाही.

आज तिसावा दिवस आहे. नियम असा की तीस दिवसांत न सुटलेलं पार्सल परत पाठवायचं. परत नेणारी गाडी पाच वाजता खाली येते. ताईनं तिकडचं घर सोडलं, भावोजींची बदली झाली. म्हणजे ते खोकं कुणाकडेच परत जाणार नाही. उघडायचा हुकूम फक्त साहेब देऊ शकतात, नवे अधिकारी सोमवारी येणार, आणि साहेबांची नोकरी आज संपते. इस्पितळानं जुनी नोंद शोधायला तीन आठवडे लावले. आज दुपारी एक वाजता यंत्राचा नंबर असलेलं कार्ड माझ्या हातात पडलं. धावत आले, तर खिडकीवर पाटी, 'कार्यक्रमानिमित्त कामकाज बंद.' मामा म्हणाले, 'आत जा, तुमचं भाषण आहे ना!'

तर साहेब, खिडकी बंद आहे म्हणून माइकवरून बोलते. तुम्ही म्हणता, उघडल्याशिवाय नंबर कळणार नाही. मी उघडायच्या आधी सांगते. वहिनी, तुमच्याकडे पेन आहे? निमंत्रणाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घ्या. चार, शून्य, सात, सात. लिहिलंत? दोन, नऊ, एक, सहा. खोकं उघडायला दोन साक्षीदार लागतात, इथं दीडशे माणसं बसली आहेत. आतून हाच नंबर निघाला नाही, तर याच माइकवरून मला खोटारडी म्हणा. मी परत या दारात पाऊल ठेवणार नाही.

चार बत्तीस झाले आहेत.

नाही अध्यक्षमहोदया, मी खाली बसत नाही. एक मिनिट. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायचं असतं. मला तसं म्हणून चालणार नाही. माझं चुकलेलं आहे. पहिल्या दिवशी तुमच्या खिडकीवर मी खोटं लिहून सही केली साहेब. त्याची शिक्षा काय असेल ती मला द्या, फॉर्मवर माझं नाव आहे, पत्ता आहे. टकळीनं काही लिहिलेलं नाही. तिला लिहिता येत नाही अजून.

वहिनी, थँक्यू. हो, दाखवा त्यांना.

साहेब... तुम्ही उठलात?

गोदामाच्या बाई, चावी, अहो चावी आहे ना तुमच्याकडे? जा, तुम्ही पुढे व्हा. साहेब, कार्ड हे घ्या. पुष्पगुच्छ राहू द्या खाली, मी सांभाळते. सावकाश, तिथं पायरी आहे. टकळीला मी खूण करते, ती येईल तुमच्यामागं, तुम्ही दिलेली खुर्ची तिच्या लक्षात आहे.

अध्यक्षमहोदया, सत्कारमूर्तीच निघून गेले, तेव्हा आटोपतं घेते. आयोजकांची आभारी आहे. दारावरच्या मामांची, त्यांच्या नोंदवहीची आणि वहिनींच्या पेनची आभारी आहे. तुम्ही सगळ्यांनी एका अनोळखी बाईचं रडगाणं ऐकून घेतलंत, तुमचीही.

फक्त एक विनंती. आता टाळ्या वाजवू नका. साहेबांसाठी वाजवायच्या आहेत त्यासुद्धा जरा राखून ठेवा. पार्सलात बॅटरी चालत नाही म्हणून बॅटऱ्या इथंच राहिल्या होत्या, त्या माझ्या पर्समध्ये आहेत. प्रत्येक खेपेला मी त्या सोबत आणते आहे. मी आत जाते आणि तिला घेऊन येते. त्या दारातून मी हात वर केला की वाजवा, आणि जोरात वाजवा. तिला ऐकायच्या आहेत.