फोटोतल्या वेण्या

—नाही हो, रडतोय कुठला, केस उडाला डोळ्यात. मान खाली घ्या, वस्तरा आहे हातात. हां. तर नातीचं सांगत होतो — चार वाजता उठते. नऊ वर्षांची पोर! अंधारात पहिली बस, मग हद्दीचं गेट, तिथे पास दाखवायची रांग, पलीकडे दुसरी बस — तेव्हा कुठे शाळा. म्हणाल, अलीकडे शाळा नाहीत का? आहेत की. पण आमच्या बोलीतली ती एकच. शाळा आधीची हो, हद्द नंतरची. तिला काय ठाऊक, मधून रेघ जाणार म्हणून!

चूक माझीच. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या. न्हाव्याची नात आणि उवा — दिव्याखाली अंधार, दुसरं काय! म्हटलं, आणा कात्री. दोन्ही वेण्या कानापासून उडवल्या. ती खूश, मी खूश. दुसऱ्या दिवशी गेटवरचा शिपाई पास बघतो, हिला बघतो — म्हणतो, फोटोत वेण्या आहेत, ही ती नव्हे. हिनं नाव सांगितलं, वर्ग सांगितला — नाही म्हणजे नाही. एकटीला परत धाडली. दारात उभी राहून मला विचारते, 'आबा, मी ती नाही, तर ती कुठे गेली?'

नव्या फोटोचा अर्ज केला — चार महिने लागतील म्हणे. आणि शाळेत पंधरा दिवस गैरहजर की नाव कमी. तिच्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी — बायको म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण तुम्ही परगावचे, आज इथे उद्या तिथे, तुम्हाला सांगायला काय — त्या वेण्या मी फेकल्या नव्हत्या. धुतल्या, रिबिनीला शिवल्या, रोज पहाटे पिनांनी अडकवतो. केस तिचे, तोंड तिचं — यात फसवणूक कुठे आली? महिना झाला, बिनबोभाट चाललंय. वारा सुटला की मात्र माझा जीव टांगणीला. सापडली तर पासच रद्द, कायमचा.

तुम्ही मास्तर ना? तीस वर्षं डोकी बघतोय, डोक्यावरून माणूस ओळखतो मी — नाही? मग औषधं विकता. तेही नाही? कल्ले आणखी बारीक? इतके बारीक तर फक्त — कामाला कुठे म्हणालात?

गेटवर.

बदली होऊन. उद्यापासून. बरं... बरं. हलू नका.

आलीस का गं? जा, आत जा — नाही, थांब. त्या रिबिनी काढ. काढ म्हणतो ना! ये, इथे उजेडात उभी राहा. वर बघ.

साहेब, केस नका बघू. तोंड बघून ठेवा.