स्प्रिंग कुणाच्या वजनाला लावायची

जुन्या मोटरसायकलला नव्या गाडीचे पुढचे शॉकअप बसवायचे तर सगळ्यांत आधी कोणतं माप घ्यावं, हा तुमचा प्रश्न. उत्तर देतो, पण आधी मी कोण ते सांगितलं पाहिजे.

मी हमीद, आगरदांड्याचा. वडील दिघीच्या तरीवर खलाशी होते, पण मला त्यांनी पाण्यावर जाऊ दिलं नाही, म्हणाले, तू लोखंडाचं काम शीक, लोखंड बुडालं तरी वर काढता येतं. मग मी आयटीआयत टर्नर झालो, पुढे तिथेच मुलांना शिकवलं, म्हणून गाव अजून मास्तर म्हणतं. निवृत्त झाल्यावर मागच्या पडवीत लेथ मांडला आणि हौशी लोक जुन्या गाड्या घेऊन येऊ लागले, कारण नव्या शॉकअपची मधली दांडी जुन्या गाडीच्या मानेत, म्हणजे हँडल फिरतं त्या नळीत, बसत नाही, ती मापाने कातून द्यावी लागते.

माझीही एक जुनी गाडी आहे. माझा मुलगा साजिद तिच्यावरच गाडी चालवायला शिकला. तो कतारला असतो, बायकामुलांसह. त्याची अम्मी गेली तेव्हा आला, चाळिसावा दिवस होईपर्यंत राहिला आणि गेला, तेव्हापासून घरात मी एकटा. मग एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याने नवे शॉकअप पाठवले आणि कळवलं, अब्बा, आपल्या गाडीला बसवा, सुट्टीत आलो की रेवदंड्यापर्यंत जाऊ.

काय सांगू तुम्हाला, किती जीव लावून कातली मी ती दांडी. आता नीट लक्ष द्या. हँडलच्या मानेतून एक काठी तिरपी जमिनीपर्यंत नेली असं समजा. ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडली पाहिजे. नवे शॉकअप आखूड असले की गाडीचं नाक खाली जातं, काठी मागे सरकते आणि हँडल थरथरू लागतं. म्हणून बसणाऱ्याच्या वजनाने नाक किती दबतं ते मोजून वरच्या नटाने शॉकअपमधली स्प्रिंग तेवढी ताठ लावायची. पण हे माप एकट्याने घेता येत नाही. मी गाडीवर बसलो तर टेप धरणार कोण?

शेजारी हिराबाई बोंबील वाळत घालते, तिला हाक मारली. ती हात पुसत आली, म्हणाली, मास्तर, पोरं संपली म्हणून आता म्हातारीला शाळेत घालताय काय. मी म्हटलं, तू नुसती टेप धर, साजिदच्या वजनाला स्प्रिंग लावायची आहे, माझ्या वजनात कमी पडेल तेवढा तांदूळ मांडीवर घेऊन बसतो. ती म्हणाली, बरं, मग पोराचं वजन किती हाय?

पहिल्यांदा कतारला गेला तेव्हा साजिद काडीसारखा होता. फोनवर चेहरा दिसतो, चेहऱ्यावरून वजन कळत नाही.

जुम्म्याच्या नमाजानंतर मी त्याला फोन लावला आणि विचारलं, बेटा, तुझं वजन किती रे आता? तो हसला. मग म्हणाला, अब्बा, माझ्या नको, तुमच्याच वजनाला लावा. मी विचारलं, सुट्टी नाही मिळाली का? म्हणाला, सुट्टी आहे, पण मुलांचं सगळं इकडेच झालंय, आम्ही येऊ असं आता धरू नका. मग गोळ्या वेळेवर घेता ना, असं विचारलं. मी घेतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गाडीवर बसलो, तांदूळ घेतला नाही. हिराबाईने टेप धरली, आकडा सांगितला आणि बोंबील उलटायला गेली. आता गाडी सरळ चालते. संध्याकाळी मुरूडपर्यंत जातो, समुद्राकडे तोंड करून चहा घेतो, परत येतो. अल्लाह त्याला आहे तिथे सुखात ठेवो.

तर पहिलं माप, गाडी खरोखर जो चालवणार आहे त्याच्या वजनाचं. बाकीचं लेथवर जमतं. मात्र हे मी माझ्या गाडीवरून सांगतोय. तुमच्या गाडीला टेप लावा आणि खरं की खोटं ते स्वतः तपासून पाहा.