घारीच्या पूजेचा नारळ

बुवा, पेटी जरा हळू… हां, अशी. मंडळी, आता इकडं लक्ष द्या. चहाच्या टपरीवर हल्ली वाद कसला रंगतो, ठाऊक आहे ना? आपली नवी लढाऊ विमानं मित्रदेशांना द्यावी का! एक म्हणतो, द्या, मित्र बळकट झाला की आपण बळकट. दुसरा म्हणतो, छे! आज मित्र आहे, उद्याचं कुणी पाहिलंय? आणि दोघांच्याही सायकलीत हवा नाही! हसा, हसा. पण प्रश्न खरा आहे हो. आपल्या हातचं हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यावं का? आणि एकदा दिलं, की आपण सुटलो का?

ऐका तर. घाटमाथ्यावर सुमारगड नावाचं छोटंसं संस्थान होतं. यजमान अंथरुणाला खिळलेले, म्हणून कारभार अंबूबाईसाहेबांच्या हाती. बाई मोठ्या धोरणी! त्यांच्या कारखान्यात एक तोफ ओतली गेली. नाव ठेवलं घारी. या तीरावरून डागली की खाडीच्या त्या तीराचं गलबत फुटायचं! गोळ्यांवर कमळ उठवलेलं — बाईंच्या घराण्याची खूण.

घाटाखाली देवखोऱ्याचे हैबतराव, बाईंचे मानलेले भाऊ. ते एक दिवस धावत आले. "ताईसाहेब, खाडीतून चाचे येतात, गावं जाळतात, माणसं धरून नेतात. घारी द्या!"

म्हातारे कारभारी विसाजीपंत कानाशी लागले, "बाईसाहेब, तोफेला चाकं असतात. ती फिरते."

"माहीत आहे पंत. पण माणसं मरतायत, आणि मी काय घारीला कुलपात ठेवून ओवाळत बसू?"

दिली! पण एक रीत होती सुमारगडची. खंडेनवमीला आपण हत्यारं पूजतो ना? तिथं ज्याच्या घरचं हत्यार, त्यानंच जाऊन पूजा करायची. तोफेच्या तोंडासमोर उभं राहून हळदकुंकू वाहायचं. का? अहो, समोर उभं राहिल्याशिवाय तोंड कुणीकडं आहे ते कळतं का! बाईंना विचारल्याशिवाय तोंड फिरवणार नाही, असा शब्द हैबतरावांनी दिला. बाईंनी आपला सिदू गोलंदाजही तोफेबरोबर धाडला.

पहिल्या नवमीला बाई गेल्या. घारीचं तोंड समुद्राकडं, खाडी शांत, कोळणी हसतमुख. बाई समाधानानं परतल्या.

दुसऱ्या नवमीला घरात नातवाचं बारसं निघालं. पाळणा सजलेला, पाहुणे जमलेले. घाट कोण उतरणार? बाईंनी स्वारासोबत नारळ पाठवला. "आमच्या नावानं पूजा उरकून घ्या." आपण नाही का म्हणत — "वहिनी, लग्नाला जमत नाही, पाकीट पाठवलंय!" तसंच.

तिसऱ्या नवमीला मात्र बाई स्वतः उतरल्या. बुरुजावर सनई, झेंडूच्या माळा. तबक घेऊन घारीच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या, मागं वळून पाहिलं… तर पाणीच नाही! समोर दरी. दरीत नाचणखेड. घरांना छप्परं नाहीत.

"सिदू! हे काय रे?"

सिदू मान वर करीना. "बाईसाहेब, गावानं वेठीला माणसं द्यायला नकार दिला. रावसाहेब म्हणाले, तोंड फिरव. मी म्हटलं, नवमीला बाई येतील, त्यांना विचारू. मी वाट पाहिली हो तुमची. तुम्ही आला नाहीत. नारळ आला. रावसाहेब म्हणाले, नारळ आला म्हणजे संमती आली."

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. नाचणखेडची पारू. हातात सूप, वर फडकं. म्हणाली, "बाईसाहेब, पदर पुढं करा. तुमची ओटी भरायची राहिलीय."

बाईंनी पदर पसरला. पारूनं फडकं काढलं आणि पदरात ठेवला — गोळा. त्यावर कमळ.

"आमच्या पाळण्यावर पडला," एवढंच म्हणाली.

मंडळी, बाई तिथंच खाली बसल्या. "चुकलं गं माझं," म्हणाल्या. मग उठल्या, पदर तसाच धरून. "सिदू, तोंड समुद्राकडं."

हैबतराव पुढं आले. "ताईसाहेब, तोफ आता माझी आहे!"

"गोळा माझ्या पदरात आहे, दादा."

सिदूनं चाकाला खांदा लावला. हैबतरावांचेच शिपाई पुढं झाले, त्यांनी फिरवली घारी! आणि बाई त्या बुरुजावरच राहिल्या, चाच्यांचं भय संपेपर्यंत. मग बैल जुंपून घारी घरी नेली. तो गोळा देवघरात ठेवला. रोज देवाआधी त्याला फूल!

तर मंडळी, विमानं द्यावी का? मित्राचं घर जळत असेल तर द्यावीही लागतील. बाईंनी घारी दिली ते चुकलं, असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी नुसता नारळ पाठवला, तिथं चुकलं! विमान आपल्या सगळ्यांच्या घामाचं. ते कुणाच्या छपरावर गेलं, हे विचारायला कोण जाणार? आपणच ना?

आणि विमानाचं राहू द्या. येत्या नवमीला कोयत्याला, गाडीला हार घालाल, तेव्हा घटकाभर थांबा. आपण आयुष्यात कुठंकुठं नुसताच नारळ पाठवलाय, ते आठवा. आणि मग, मायबाप, पदर पसरून बसा. ओटीत काय पडतं ते बघा.